छतावरचा उडता हत्ती

वन्संची रजई अर्धीच पिळून झाली होती. एक टोक बायकोच्या हातात, दुसरं नवऱ्याच्या. आणि पाणी निथळत असतानाच नवरा खांबासारखा थांबला.

"अहो, पिळा ना!"

"थांब! हेच ते पोट!"

तिने आधी स्वतःच्या पोटाकडे पाहिलं आणि मग कपाळाला हात लावला.

नवरा पेंटर. जगात नाही ते रंगवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, पण त्याचा हट्ट एकच: खोटं काढायचं तर खरं समोर हवं. चंद्र काढायचा तर शिळा पाव खिडकीत ठेवून त्याच्या खड्ड्यांवर तिरका उजेड पाडायचा. पोहण्याच्या तलावाच्या भिंतीवर जलपरी काढली, तेव्हा खवल्यांची चमक हवी म्हणून तीन दिवस एक मासा स्वयंपाकघरात टांगलेला होता. चौथ्या दिवशी शेजारीण हळू आवाजात विचारून गेली, "घरात सगळे आहेत ना?"

आता दाताच्या डॉक्टरांनी छतावर उडता हत्ती सांगितला होता. खुर्चीत आडवा झालेला पेशंट वर बघणार, आ वासणार, तेवढ्यात डॉक्टरांचं काम होणार. दोनदा हत्ती काढून झाला, पेशंट आपले तोंड मिटूनच. "हा उडत कुठे आहे? छताला चिकटलाय," डॉक्टर म्हणाले. "शनिवारी पहिल्या पेशंटने तोंड उघडलं नाही, तर सरळ पांढरा रंग मारा." तेव्हापासून पेंटरला जेवणात चव लागत नव्हती. चव शोधायला तो दोनदा वाढून घेत होता.

पोटात तीन उशा कोंबून घेऊन रजई दोरीवर चढली. कानाच्या जागी उशीचा अभ्रा, त्याला लाकडी चिमटा. पेंटर खाली चटईवर उताणा पडून कागदावर उतरवू लागला. कपाळावर टपटप पाणी पडत होतं.

"बघ, वजन कसं खाली ओघळतं ते! सुरकुत्या इथे गोळा होतात. उजेड फक्त डावीकडून."

"देवाने हत्तीला पंख दिले नाहीत, ते काय विसरला म्हणून?"

"विसरला नसेल. माझ्यासाठी काम ठेवलं."

"आणि वन्संना कळलं म्हणजे?"

वन्सं म्हणजे त्याची थोरली बहीण. मुक्काम या दोघांच्याच घरी, आणि सध्या आतल्या खोलीत सुजलेला गाल धरून पडलेल्या. दाढ महिनाभर ठणकत होती. तीनदा डॉक्टरांकडे नेलं, तीनदा तोंड मिटून परत आल्या.

शनिवारी पहिला नंबर वन्संचाच लागला.

वन्सं खुर्चीत आडव्या झाल्या. डॉक्टर पक्कड घेऊन, पेंटर श्वास धरून, आणि बायको कोपऱ्यात डोळे मिटून उभी. 'देवा, वन्संचं तोंड उघडू दे. आजवर उलटंच मागत आले, तेवढं पोटात घाल.'

वन्संनी वर पाहिलं. हत्ती खरोखर उडत होता. पोट लोंबत होतं, आणि सोंडेच्या टोकाला पाण्याचा थेंब, आता पडेल की मग. थेंब तोंडात पडू नये म्हणून वन्संनी ओठ आणखी घट्ट आवळले.

पेंटरचा चेहरा पडला. पांढऱ्या रंगाचा डबा त्याला डोळ्यांसमोर दिसू लागला.

मग वन्संची नजर सोंडेवरून कानाकडे गेली. कानाला चिमटा. तिथून पोटाकडे. पोटावर हिरवं ठिगळ, उलट्या टाक्यांसकट. समोर होतं ते सगळं पेंटरने इमानेइतबारे उतरवलं होतं.

"अरे मेल्या! माझी रजई! माझ्या हातचं ठिगळ हत्तीच्या—"

कट्! दाढ पकडीत.

"अक्का, चुकलो," पेंटर म्हणाला. "डॉक्टर, चिमटा आणि ठिगळ आत्ता पुसतो."

"खबरदार हात लावलात तर!" डॉक्टर म्हणाले.

वन्सं तोंडात कापूस धरून, छताकडे बोट दाखवत बोलतच होत्या. शब्द एकही कळत नव्हता, पण इतक्या वर्षांच्या सवयीने बायकोला सगळं समजलं. तिने मनातल्या मनात हात जोडले आणि वन्संच्या गालासाठी बर्फ आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात निघाली.