रफीकभाईंचे हवारी

फोन जॉर्जचा होता. "को खाँ," एवढंच म्हणाला. 'काय राव' अशा अर्थाची ही हाक रफीकभाईंची. ती जॉर्जच्या तोंडून ऐकली आणि रफीकभाई गेले, हे कळलं.

आम्ही तिघं गोविंदपुऱ्यातल्या एका छोट्या खाजगी कारखान्यात फिटर. दुपारी डबे एकत्र उघडायचे. करोंदचे रफीकभाई कपडा अंथरल्याशिवाय घास घेत नसत, आणि तो अंथरताना त्यांना हमखास हवारी आठवत. हवारी म्हणजे येशूचे पहिले शिष्य. त्यांनी ईसांकडे, म्हणजे येशूकडेच, आभाळातून वाढलेलं जेवण मागितलं, ही कुरआनातली गोष्ट ते अशा थाटात सांगत, की जणू पंगतीला वाढायला हेच होते! जॉर्ज चिडवायचा, आमच्या बायबलात तर त्यांच्यातल्याच यहूदानं गुरूला पकडून दिलं. "क़ुरआन में तो उनके नाम तक नहीं," रफीकभाई म्हणत. "बस इतना, कि वो अल्लाह के मददगार थे."

मग एकदा साखळी तुटून जड यंत्र खाली पडलं. जुनीच साखळी लावा, असं मालकाच्या पुतण्यानं रफीकभाईंना बजावलेलं जॉर्जनं ऐकलं होतं. मालकानं विचारल्यावर मात्र 'मला ठाऊक नाही' म्हणाला. ठपका रफीकभाईंवर आला आणि त्यांची नोकरी गेली. जॉर्जच्या घरी बाळंतीण होती, हे खरं. तरी मला त्याचा राग आला, आजही थोडा येतो.

जॉर्ज तोंड चुकवू लागला. एका रविवारी रफीकभाई मला घेऊन बरखेड्याला त्याच्या खोलीवर थडकले. तो दारातच रडू लागला.

"मैं यहूदा निकला, रफीकभाई."

"अमाँ, हमारे यहाँ कोई यहूदा नहीं होता. हटो, भूख लगी है."

तेव्हापासून रविवारचं जेवण तिघांचं.

त्या दिवशी परतताना मी विचारलं, तुमच्यात खरंच कोणी यहूदा नाही? रफीकभाई जरा घुटमळले. "क़ुरआन में नहीं है. मगर तफ़सीर में कुछ आलिमों ने लिखा है, कि एक हवारी ने ही पकड़वाया था. जॉर्ज से मत कहना." तफ़सीर म्हणजे कुरआनावरची भाष्यं. ती त्यांनी वाचली होती.

रविवारचं जेवण आम्ही दोघांनी चालू ठेवलंय. परवा जॉर्जचा घास हातातच राहिला.

"सच बताओ, उनके यहाँ कोई यहूदा नहीं था ना?"

"नहीं था," मी म्हटलं. तो जेवू लागला.

जॉर्जला मराठी वाचता येत नाही, म्हणून हे इथं लिहिलं.