वकीलसाहेबांच्या कोटाचं अस्तर

आमच्या वन्सं गिऱ्हाइकाची भीड ठेवत नाहीत. "कंबर वाढलीय, टेप खोटं बोलत नाही," असं तोंडावर सांगतात. वकीलसाहेबांपुढे मात्र त्यांची वाचा बसायची.

घरामागच्या दोन खोल्यांत त्या चाळीस वर्षं शिवणकाम करतात. मामंजींनी मृत्युपत्रात त्या खोल्या लेकीच्या नावे केल्या. माझ्या धाकट्या दिरांना सगळं घर विकायचं होतं. त्यांनी मृत्युपत्रच खोटं असल्याचं कोर्टात लिहून दिलं. मृत्युपत्रावर सही केलेल्या दोन साक्षीदारांपैकी एक वारलेले. दुसरे निवृत्त पोस्टमास्तर परगावी लेकीकडे गेलेले, पत्ता कुणालाच ठाऊक नाही. त्यांनी येऊन सांगितलं तरच वन्संचं शिवणयंत्र जागेवर राहणार होतं.

वकीलसाहेब मामंजींच्या वेळेपासूनचे. वय ऐंशीच्या घरात, बोलणं लोण्यासारखं. दर तारखेला म्हणायचे, "त्यांच्या जुन्या पोस्टातून निरोप धाडलाय. उत्तर येईलच." माझ्या रोजनिशीत अशा अकरा तारखा आहेत. शेवटी न्यायाधीशांनी बजावलं, की महिन्याभरात साक्षीदार आणा, नाहीतर त्याच्याशिवाय निकाल देतो.

मग मी एक नवी वकीलबाई गाठली. ती म्हणाली, "जुन्या वकिलांची ना-हरकत सही आणा, मी लगेच उभी राहते."

वन्सं तो कागद पिशवीत घालून गेल्या आणि वकीलसाहेबांची पँट घेऊन परत आल्या.

"वन्सं, हे काय?"

"अहो वहिनी, पायात येत होती. पडले असते बिचारे."

"आणि सही?"

"आधी पँट तर होऊ दे."

पँट पोचवायला गेल्या, तर येताना काळा कोट. आतलं अस्तर पार विरलेलं.

"वकील काढायला गेलात, की वकिलाचे कपडे काढून आणायला?" मी म्हटलं. वन्सं सुईत दोरा ओवण्यात गढून गेल्याचं नाटक करत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अस्तर उसवलं. आतल्या खिशाला भोक होतं. तळाशी बसचं तिकीट, खोकल्याची एक गोळी आणि एक बंद पाकीट निघालं. मागे पोस्टमास्तरांचं नाव, खाली पूर्ण पत्ता. शिक्का सात महिन्यांपूर्वीचा.

"फोडा!" मी म्हटलं.

"छे! दुसऱ्याचं पत्र आहे." पत्ता मात्र वन्संनी खडूने कापडावर उतरवून घेतला आणि मगच नवं अस्तर लावलं.

कोट द्यायला मीही गेले. वकीलसाहेबांनी पाकीट उघडलं, चष्मा वर करून पत्र वाचलं आणि आमच्यापुढे सरकवलं. पत्रात एवढंच होतं, की बोलवाल तेव्हा येईन.

वन्सं म्हणाल्या, "खिसा आता पक्का केलाय हं. दुहेरी शिलाई घातलीय."

"तुमचा कागद कुठंय?"

"कसला कागद?"

"पहिल्या दिवशी पिशवीतून डोकावत होता तो. उगाच का मी पँट पुढे केली? म्हटलं, बाई कामात गुंतली की विसरेल." ते हसले. "पँटीवरच थांबायला हवं होतं. कोट देऊन फसलो."

त्यांनी सही केली. वन्संच्याच डोळ्यांत पाणी आलं.

पोस्टमास्तर आले. काठी टेकत ठणकावून म्हणाले, "यांच्या वडिलांनी माझ्यादेखत सही केली, आणि शाई वाळली का म्हणून मला तीनदा विचारलं." मागच्या बाकावर दुरुस्त कोटातले वकीलसाहेब मान डोलावत होते. प्रोबेट मिळालं, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाची मोहोर बसली. खोल्या वन्संच्या राहिल्या.

भावजी त्या दिवशी तडक निघून गेले. पंधरा दिवसांनी धाकटी जाऊ त्यांचा शर्ट घेऊन आली. कॉलर काचते, म्हणाली.

वन्संनी शर्ट उलटसुलट करून पाहिला. "अर्धा इंच वाढवते. मान फार ताठ ठेवतो तो," म्हणाल्या, आणि यंत्रावर बसल्या.