आपली माहिती तपासत आहोत

कुरुळीत आमच्या ओसरीवर मी लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देते. शाळेची पायरी चढले नाही. अक्षरं काय, कॉम्प्युटर काय, शिकले ते सुनेच्या खुर्चीमागे उभं राहून. अर्जाच्या एका पानावरून दुसऱ्यावर जाताना स्क्रीनवर ते चक्र गरागरा फिरतं ना, तेवढ्यात माणूस काय काय बोलून जातो! किस्से मी गोळा करत नाही, आपोआप साठतात.

*

आमच्या गावचे तानाजीभाऊ. चक्राखाली आलं, ‘कृपया मागे जाऊ नका.’ मी मोठ्यानं वाचलं. तेवढ्यात फाटकातून बायकोनं हाक मारली, तर भाऊ जागचे हलेनात.

"आलो असतो गं, पर सरकार न्हाई म्हणतंय!"

*

रहाटणीची एक बाई मुलीचा अर्ज भरायला आली. ‘कृपया प्रतीक्षा करा’ वाचलं आणि उखडलीच.

"अहो, पोरीचं नाव प्रणिता आहे. प्रतीक्षा कशाला करताय?"

म्हटलं, मी नाही गं बाई, हा कॉम्प्युटरच मागे लागलाय.

*

सून पिंपळे सौदागरला राहते, आयटीत असलेच फॉर्म बनवते. ती म्हणाली, बऱ्याचदा ते चक्र मुद्दाम घालतात. काम कधीच झालेलं असतं, पण लगेच ‘झालं’ म्हटलं की लोकांचा विश्वास बसत नाही.

"म्हणजे मुलगी बघून गेल्यावर ‘कळवतो’ म्हणतात, तसंच की!"

हे मीटिंगमध्ये सांगू का, असं तिनं विचारलं. सांग म्हटलं, पण नाव माझं घे.

*

आणि ही मीना. परभणीकडची. तिचं कंपनीतलं कंत्राट संपलं आणि नवऱ्यानं, ज्ञानोबानं, परस्पर ठरवून टाकलं की आता कायमचं गावाकडं. मीनाला जायचं नव्हतं. चाकणच्या एका कंपनीत जागा निघाली होती, त्याचा अर्ज भरायला ती आली. ज्ञानोबा दारातूनच कुरकुरत होता, कशाला उगं, कोण घेतंय तुला, चल, सामान बांधायचंय.

शेवटचं पान भरलं. चक्र फिरायला लागलं. मी वाचलं, ‘आपली माहिती तपासत आहोत.’

ज्ञानोबा चपला काढून आत आला.

"आत्ता तपासायलेत?"

"हो."

त्यानं शर्ट नीट खोचला आणि स्क्रीनपुढं वाकला.

"साहेब, हिच्या हातचा एकबी पीस कधी रिजेक्ट झाला न्हाई. मशीन अडली की सुपरवायझर हिलाच बोलवायचे. मला जमत न्हाई ते हिला जमतंय, साहेब. घ्या हिला."

मीना त्याच्याकडे बघतच राहिली. मग माझ्या कानाशी आली.

"आजी, अजून जरा फिरू द्या."