कुकटपल्लीहून येणारा बाण

माझा मूर्खपणा मीच सांगतो. दुसऱ्या कुणी सांगितला तर तिखटमीठ लावेल.

बरकतपुऱ्यात मी एकटा राहतो. मुलगा सुनील कुकटपल्लीला. एकाच शहरात! पण त्याचं येणं होत नाही. त्याने आपला जुना, पाटीएवढा लॅपटॉप मला दिला. पेपर वाचा, भजनं ऐका म्हणाला. मूळची सिस्टीम त्यात रांगत होती, म्हणून काढून लिनक्स टाकली.

"फुकट मिळते बाबा. हलकी आहे."

"फुकटचं टिकतं का?"

"बिघडलं तर मी माझ्या घरी बसून नीट करीन."

मला वाटलं, थापा मारतोय. एक दिवस अक्षरं मुंगीएवढी झाली. फोन केला. आणि काय सांगू! पडद्यावरचा बाण आपोआप चालायला लागला. इकडे गेला, तिकडे गेला, अक्षरं मोठी करून थांबला. तिकडून सुनीलच तो हलवत होता. मी चहा पीत बघत बसलो. घरात कुणी आल्यासारखं वाटलं. विचारलंसुद्धा, "चहा घेतोस का रे?" बाण काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी अक्षरं मीच बारीक केली.

हसा, हसा! मला चटकच लागली. आज खालची पट्टी घालवली, उद्या भाषा बदलली. चिन्यांची आली असावी. बाण यायचा, नीट करायचा, जायचा. माणूस मात्र येईना.

वरच्या मजल्यावरच्या रहीमभाईंनी ओळखलं. "अरे चाचा, बेटे को बुलाने का है तो सीधा बोलो ना, आजा बोलके!"

मी ये म्हणू? नक्को! आजवर कुणाला म्हटलेलं नाही.

डोकं चालवलं. बाण वायफायवरून येतो ना? वायफायच बंद केलं.

"बाबा, ते चालू करा," सुनील फोनवर.

"कुठे असतं? मी चौथी शिकलेला माणूस."

कमी शिकल्याचा पहिल्यांदाच फायदा झाला!

रविवारी सुनील आला. खराखुरा! मी उस्मानिया बिस्किटं आणून ठेवली होती. तो चपला काढून थेट लॅपटॉपपाशी.

"वायफाय तुम्ही बंद केलंत?"

"आपोआप झालं."

"आपोआप काही होत नाही बाबा." माझ्याकडे बघून हसला. मला वाटलं, कळलं त्याला.

थोड्या वेळाने पाठ सरळ करून म्हणाला, "झालं! आता वेगळीच सिस्टीम टाकलीय. काहीही बिघडवा, अगदी वायफायसुद्धा. बंद करून चालू केलं की सगळं पहिल्यासारखं. माझी वाट बघायला नको."

जेवून जा, हे ओठांवर आलं होतं. म्हटलं नाही. एक बिस्कीट तोंडात टाकून तो गेलासुद्धा.

आता रोज पट्टी घालवतो, भाषा बदलतो, वायफाय तोडतो. बंद करून चालू करतो. सगळं जागच्या जागी! कारखान्यात मुकादम होतो मी. जन्मभर लोकांकडून पक्की कामं करून घेतली. पण इतकं पक्कं काम कुणी केलं नव्हतं. आणि ते करून घेतलं कुणी? मीच!