नऊ जणांच्या हातात माझीच उत्तरं

चौथा उमेदवारही म्हणाला, "लूप एक ते दहा फिरेल, सर," आणि मी मार्कांच्या कागदावरून मान वर केली.

पहिल्याने हे उत्तर दिलं तेव्हा मी खूश झालो होतो. दुसऱ्याने दिलं तेव्हा म्हटलं, वा! तिसऱ्याने शब्दन् शब्द तेच सांगितलं, आणि आता हा चौथा. "थोडक्यात सांगायचं तर" हे मधलं पालुपदसुद्धा सगळ्यांचं एकच. ते पालुपद माझं होतं. उत्तरांचा कागद मी मुंबईहून येताना एसटीत बसून लिहिला होता.

ही ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. मालवणात एका सोसायटीच्या माडीवर आम्ही प्रोग्रॅमरच्या मुलाखती घेत होतो. आमची मुंबईची छोटी सॉफ्टवेअर कंपनी. जिल्ह्यातल्या सहकारी संस्थांची कामं मिळायला लागली होती, म्हणून इथे ऑफिस काढायचं घाटत होतं. आमचे साहेब कारखानीस यांची अट एकच. इथलाच एक चांगला प्रोग्रॅमर मिळाला तर ऑफिस, नाहीतर गाशा गुंडाळायचा. ऑफिस झालं तर ते सांभाळायला मी येणार होतो. आमचं घर तारकर्लीला, आई गेल्यापासून बाबा तिथे एकटे. मला घरी परतायचं होतं, दुसरं काही नाही.

कारखानीस मुळात सेल्सचे. टेक्निकल प्रश्न त्यांनी माझ्यावर सोडलेले. ते हरखून गेले होते. "अहो, काय टॅलेंट आहे तुमच्याकडे! एवढे दिवस लपवून ठेवलंत?"

मी हसल्यासारखं केलं.

तो लूपचा प्रश्न सोपाच होता. दहा नावं आहेत, ती अक्षरक्रमाने लावायची. कॉम्प्युटर शेजारशेजारची दोन नावं बघतो, क्रम उलटा असला तर अदलाबदल करतो, मग पुढची जोडी बघतो. एकच काम असं पुन्हा पुन्हा करायला लावणं म्हणजे लूप. एका फेरीत तो किती वेळा फिरवायचा, एवढंच विचारलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत बाहेर आलो, तर गॅलरीत बाबा उभे. माझ्यासाठी डबा घेऊन सायकलवरून आले होते. बाबा म्हणजे निवृत्त प्राथमिक शिक्षक. मला बघताच हसून विचारतात, "काय रे, पोरां बरी उत्तरां देतत मा?"

"तुमका कसा कळला?"

"कळूक कित्याक होया? प्रश्न मियाच दिलंय त्यांका!"

मी मागचं दार ओढून घेतलं.

"काल तू न्हावक गेल्लंस तेव्हा मुलाखतीचो एक पोरगो घराक इलो. काय विचारतले म्हणान रडवेलो झाल्लो. तुझी फाईल टेबलार होती. कार्बन घालून उतरून काढलंय. एकट्याक दिलंय असतंय तर पक्षपात झालो असतो, म्हणान फायलीतले पत्ते बघून नवय जणांक पोचयलंय."

"बाबानू, असा कोण करता? ही मुलाखत आसा, चौथीची परीक्षा न्हय!"

बाबांचा चेहरा पडला. हळूच म्हणाले, "पोरां नापास झाली तर हापीस खंयचा उघडता? आणि तू घराक कसो येतलंस?"

डबा उघडलाच नाही. आत जाऊन साहेबांना सांगावं, तर ऑफिसवर पाणी सोडायचं. लाज वाटते लिहायला, पण मी गप्प बसलो. पाचवा आला, सहावा आला, दोघांनीही लूप एक ते दहा फिरवला. मी मान डोलवत मार्क देत गेलो.

सातवी वैजयंती राणे. खारेपाटणची मुलगी, मालवणात मावशीकडे उतरलेली. कॉम्प्युटरचा क्लास कोल्हापूरला केला होता. खुर्चीत बसली आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "सर, तुमचे प्रश्न मला काल संध्याकाळीच मिळालेत. उत्तरंही. ते सांगितल्याशिवाय मुलाखत द्यायला बरं वाटत नाही."

कारखानीसांच्या हातातलं पेन थांबलं.

"आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर चुकलंय," ती म्हणाली.

आता खरं सांगतो, फुटलेल्या पेपरचं मी विसरलोच. डोक्यात तिडीक गेली. माझं उत्तर चुकलंय? "काय चुकलंय? दाखवा बघू!"

तिने पर्समधून दहा चिठ्ठ्या काढल्या. प्रत्येकीवर एकेक नाव. टेबलावर ओळीने मांडल्या आणि शेजारशेजारच्या जोड्या मोजत गेली. नऊ जोड्या झाल्या. दहाव्या चिठ्ठीवर बोट ठेवून म्हणाली, "ही कोणाशी जुळवू, सर? पुढे कोणीच नाही. लूप नऊ वेळाच फिरायला हवा. दहाव्यांदा फिरवला तर प्रोग्रॅम बंद पडेल. मशीन नव्हतं, म्हणून मावशीच्या पडवीत मांडून बघितलं."

अरे देवा! पहिल्या महिन्यात शिकायची गोष्ट. सात वर्षं नोकरी झालेल्या माणसाने ती चुकीची लिहिली आणि सकाळपासून सहा जणांना त्यावर पूर्ण मार्क दिले.

कारखानीसांनी तिला विचारलं, "बाकीच्यांना सांगितलं नाहीत?"

"दोघांना सांगितलं. ते म्हणाले, मुंबईच्या साहेबांनी लिहिलंय, आपल्याला काय अक्कल आहे?"

"कोणी लिहिलीत ही उत्तरं?" साहेब माझ्याकडे बघत होते.

"मी."

"आणि बाहेर कोणी दिली?"

"माझ्या वडिलांनी. मला दुपारी कळलं."

"दुपारी? मग मघाच्या दोघांना मार्क कसे दिलेत?"

मी मार्कांचा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

साहेबांनी आवाज चढवला नाही. मुलाखती तिथेच रद्द केल्या. दुसऱ्या दिवशी नवे प्रश्न काढले, ते वैजयंतीसारख्याच चिठ्ठ्या मांडून माझ्याकडून तपासून घेतले आणि नऊही जणांना पुन्हा बोलावलं. निवड तिचीच झाली.

दोन महिन्यांनी मालवणला ऑफिस उघडलं. सांभाळायला दुसरा माणूस पाठवला. मी मुंबईतच.

बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातली सायकल भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "माझ्यामुळे मुंबयतच ऱ्हवलंस रे."

"तुमच्यामुळे नाय," मी म्हटलं. "तुम्ही कागद दिल्यात. गप मी बसलंय."

पुढे निवृत्त होईपर्यंत मी शेकडो मुलाखती घेतल्या. उत्तर विचारणं सोडून दिलं. माझाच एखादा चुकलेला प्रोग्रॅम समोर ठेवायचो आणि यात काय चुकलंय ते सांगा म्हणायचो. बहुतेक जण आधी माझ्या तोंडाकडे बघायचे. जो कागदाकडे बघेल, त्याला मी नोकरीवर घ्यायचो.