चिंच-मिठानं घासलेली गाडी

येळ्ळूरच्या आमच्या घराला गोठा आहे, पण त्यात म्हैस नाही. तिथं गाडी राहते. दोनच माणसं बसतील एवढी, वरून उघडी, गडद हिरव्या रंगाची, जुन्या काळातली शर्यतीच्या घाटाची गाडी. लष्करी कॅम्पातल्या एका बंगल्याच्या आवारात फणसाखाली पाचोळ्यात बुडून पडली होती. बंगल्याचे मालक लष्करातले, बदलीवर निघालेले. आमचे हे तेव्हा मच्छ्याला कारखान्यात टर्नर होते. त्यांनी ती मागून घेतली आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून घरी आणली. सासूबाई दारातच उभ्या होत्या. गाडीला एक वळसा घालून म्हणाल्या, "ह्यात पोतंभर भात मावत न्हाय. आणि मी कुठं बसू रं?"

 पुढं तर ह्यांनी गोठ्यातली म्हैसच थोरल्या दिरांकडं नेऊन बांधली, कारण काय, तर गोठ्यातल्या वाफेनं गाडीचा चकाकता धातू खराब होतो. दूध दिरांकडं गेलं आणि गाडी आमच्याकडं राहिली. सासूबाई हे शेवटपर्यंत विसरल्या नाहीत.

गाडीला बाहेरून दिसणारा धातू किती, हे मला घासायची वेळ आली तेव्हा कळलं. पुढचा बंपर, मागचा बंपर, दिव्यांच्या कड्या, पुढची जाळी, आरसे, दारांच्या मुठी, आणि चाकांना सायकलीसारखे तारांचे आरे. ह्या सगळ्यावर क्रोमचं पाणी चढवलेलं, तेही मुळातलं. आमच्याकडं पाऊस लागला की महिना महिना पापड वाळत नाहीत, भिंतीला ओल येते. अशा हवेत त्या माणसानं सदतीस-अडतीस वर्षं त्या धातूला डाग पडू दिला नाही. सकाळी चहाच्या आधी गोठ्यात. एक मऊ फडकं, एक मेणाचा डबा. मी म्हणायची, माझ्या तोंडाकडं एवढं कधी बघितलं नाही.

मग डोळ्यांत मोतीबिंदू झाला. दोन्ही डोळ्यांत. हे कुणाला सांगेनात. मला कळलं ते एकदा त्यांनी चहात साखर समजून मीठ घातलं तेव्हा. त्याच सुमाराला कोल्हापूरच्या एका माणसाशी त्यांचं फोनवर बोलणं सुरू झालं. त्याच्याकडं अशा जुन्या गाड्या आहेत म्हणे, बघायला माणसं आहेत. एक दिवस जेवताना मला म्हणाले, "ह्या गाडीवर पहिला गंज दिसला, की मी तिला त्यांच्याकडं देणार. मला दिसत न्हाय, आणि न दिसणाऱ्यानं तिला सांभाळायचं सोंग करू नये." तो माणूस दसरा झाल्यावर गाडी बघायला येणार असंही ठरलं.

  गाडी गेली तर गेली, ती काही माझी लाडकी नव्हे. पण पहाटे उठून हा माणूस जाणार कुठं? कारखाना सुटला, शेत पोरानं वाट्यानं दिलेलं. त्या गोठ्यामुळं तर ते उभे होते.

नवरात्राच्या आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, काळा चष्मा लावायचा, वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, गोठ्यात पंधरा दिवस पाय टाकायचा नाही. त्यांना वाटलं गोठ्यात जनावरं असतील. आम्ही मान हलवली आणि थेंबांची चिठ्ठी घेऊन निघालो.

आता घट बसायच्या आधी आमच्याकडं सगळं घर धुऊन काढतात, हे आपल्याकडच्या बायकांना सांगायला नको. वाकळा-गोधड्या धुवायच्या, फडताळं पुसायची, तांब्या-पितळेची भांडी चिंच आणि मीठ लावून घासायची. मी परसात बसून हंडा, कळशी, समया सगळं लखलखीत केलं. वाटीत चिंचेचा कोळ उरला. समोर गोठ्याचं दार उघडं. बंपर जरा मंद दिसला, धुरकट. मी म्हटलं, पंधरा दिवसांनी हे नव्या डोळ्यानं बघतील तेव्हा कसा लखलखला पाहिजे. आणि गेले की मी. चिंच, मीठ, वर चुलीतली थोडी राखसुद्धा. चांगला दोन्ही हातांनी जोर लावून घासला. आरसे घासले, मुठी घासल्या. ओल्या फडक्यानं पुसलं, पोरानं आणलेली प्लॅस्टिकची ताडपत्री वरून झाकली, कडा विटांनी दाबून ठेवल्या, वारा शिरू नये म्हणून. मला माझं कौतुक वाटलं.

चार दिवसांनी ताडपत्री उचलली. आतून पाणी ठिबकत होतं. आणि बंपरभर बारीक तपकिरी ठिपके, नाचणी सांडल्यासारखे. मी तिथंच पाटावर बसले. अडतीस वर्षं जे झालं नाही ते मी चार दिवसांत केलं होतं, आणि तेही सणासाठी, भक्तिभावानं.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांचे थेंब आणायच्या निमित्तानं बाहेर पडले आणि रिक्षानं मच्छ्याला गेले. तिथं ह्यांचे जुने ओळखीचे एक अण्णा धातूला मुलामा चढवायचं काम करतात. घरात कानडी बोलतात, आमच्याशी मराठी. मी सगळं सांगितलं. चिंच म्हटल्यावर त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. मीठ म्हटल्यावर टोपी काढली. राख म्हटल्यावर मात्र हसायला लागले, आणि माझे डोळे भरलेले बघून त्यांनी स्टूल पुढं सरकवलं.

मी म्हटलं, नवा मुलामा चढवून द्या. ते म्हणाले, देईन, पण बंपर सोडवून आणावा लागेल, आणि नव्याची चकाकी ह्यांना दारातूनच ओळखू येईल. मग आतून जुन्या बंपरचा एक तुकडा आणला, तशाच ठिपक्यांचा. पोळ्या गुंडाळायचा चांदीसारखा कागद असतो ना, त्याचा बोळा केला, साध्या पाण्यात बुडवला आणि हलक्या हातानं चोळला. ठिपके विरघळल्यासारखे निघाले. हा कागद क्रोमपेक्षा मऊ, म्हणून त्यानं घासलं तर ओरखडा पडत नाही, एवढंच मला त्यातलं समजलं. मग स्वच्छ पाण्यानं धुवायचं, कोरडं पुसायचं, उन्हात तापू द्यायचं, आणि मेणाचे पातळ दोन हात द्यायचे. प्लॅस्टिक झाकायचं नाही, आत घाम धरतं.

निघताना म्हणाले, "आक्का, मागनं हात फिरवलासा काय कधी? बंपरच्या पाठीला? लोक पुढचं चकाकवत्यात. गंज मागनं येतोय."

मी घरी आले ती थेट गोठ्यात. बंपरच्या मागं हात घातला. उजव्या बाजूला बोटांना मेणाचा जाड थर लागला, वर्षानुवर्षांचा, गुळगुळीत. डाव्या बाजूला, भिंतीकडं, जिथं आडवं होऊन बघत बघतच हात घालावा लागतो, तिथं बोटांना खरबरीत लागलं. हात बाहेर काढला तर तांबडा. पापुद्रे सुटले होते. हे काही माझ्या चिंचेनं झालेलं नव्हतं. वर्ष-दोन वर्षांचं होतं ते.

म्हणजे पहिला गंज कधीच आला होता. ह्यांना दिसला नव्हता.

मग काय, पोळ्यांचा कागद, पाण्याचा तांब्या, जुन्या सुती लुगड्याची फडकी. हे पडवीत काळा चष्मा लावून बसलेले असायचे, मी आत चोळत. एकदा त्यांनी विचारलं, काय घासतेस. मी म्हटलं, हंडा. ते म्हणाले, "हंड्याचा आवाज असा न्हाय गं."  पुढचे ठिपके बरेचसे गेले. मागचे पापुद्रे तारेच्या घासणीनं काढले, तिथं दिसायचा प्रश्न नव्हता, आणि अण्णांनी दिलेला गंज थांबवणारा रंग लावला, वर मेण. ताडपत्री पोराला परत दिली. दोन जुनी लुगडी जोडून, वाकळेसारखे टाके घालून, गाडीला पांघरूण शिवलं.

पंधरा दिवस संपले ते नेमके खंडेनवमीला. दर वर्षी आम्ही गाडीला थेट बंपरवरच हळदकुंकू लावायचो आणि हे पूजा झाल्या झाल्या पुसून टाकायचे. ह्या वेळी मी बंपरवर विड्याचं पान ठेवलं आणि पानावर बोटं टेकवली. हे बघत होते. मग चष्मा काढला, खाली बसले आणि चेहरा बंपरला लावतील इतकं जवळून बघायला लागले. दुसरा डोळा हातानं झाकून. मी हातात ताट धरून उभी. 

"सात हाईत," ते म्हणाले. बारीक काळपट खड्डे राहिले होते ते.

मी सगळं सांगून टाकलं. चिंच, मीठ, राख, ताडपत्री. चिंचेचा वास पडवीत त्याच दिवशी आला होता, म्हणाले. सात माझे, मी म्हटलं. मग त्यांचा हात धरून बंपरच्या मागं, डाव्या बाजूला नेला आणि म्हटलं, हा तुमचा. माझ्या आधीचा.

त्यांनी तिथं बराच वेळ बोटं फिरवली. रंग वाळला होता, वर मेण होतं, पण खाली उंचसखल लागत होतंच.  मला वाटलं, आता झालं. गेली गाडी.

"इथं हात कसा घातलास?" त्यांनी विचारलं. मी दाखवलं. आडवं होऊन, खांदा चाकाला टेकवून. माझा हात त्यांच्यापेक्षा बारीक, बांगड्या काढल्या की सहज जातो. ते हसले. किती दिवसांनी.

"मला दिसत न्हाय तिथं तुझा हात पोचतोय. त्या कोल्हापूरच्यास्नी फोन लाव," ते म्हणाले. "सांग, गाडीला गंज हाय. बघाय येऊ नका."

मी फोन लावला. पलीकडच्या माणसाला फार वाईट वाटलं, फार चुकचुकला. मी पण त्याच्याबरोबर थोडी चुकचुकले, बरं दिसतं म्हणून.

दुसरा डोळा आता होईल, डॉक्टरीणबाईंनी तारीख दिली आहे. तोवर पुढचं ते बघतात, मागचं मी. सकाळचा चहा गोठ्यातच होतो, कारण बशी ठेवायला गाडीची पायरी बरी पडते. आज आरे घ्यायचे होते. मी म्हटलं, एका चाकाला किती आहेत हो? त्यांनी मेणाचा डबा माझ्याकडं सरकवला आणि म्हणाले, मोजत बसू नको, हवा भरायच्या व्हालच्या तोंडापासून सुरू कर, म्हणजे कुठं संपलं ते कळतं.