पहिलं लाल दिसलं आन् साहेबांनी लॅपटॉप मिटला

तिसगावकरांनो, आज बेंगळुरूत माझी लई शोभा झाली. ऐका.

मी इथं कंपनीत चहा देतो. सुट्टीच्या दिवशी बसून गणिताच्या सिद्धता तपासणारी एक प्रोग्रामिंगची भाषा शिकलो. साहेब आपल्याच नगरचे. म्हणाले हुते, "त्यात लिहिलेली फाईल दाखव, जमलं तर टीममध्ये घेतो."

ही भाषा फाईल वरून खाली वाचते, एकेक कमांड. खाली लिहिलेलं वर वापरलं तर तिला ते ठाऊक नसतं. आज फाईल दाखवली तर माझ्या पहिल्याच कमांडला तसं झालं आन् चुकीची लाल खूण आली. पण ती तिथं थांबत न्हाई, पुढची कमांड घेते. बाकीच्या अकरा बिनचूक गेल्या.

साहेबांनी लाल बघून लॅपटॉप मिटला. "आठवी नापास तो नापासच!" टीममधले सगळे हसले.

"साहेब, खालचं तरी बघा. दुसरी कमांड वर घेतली की झालं."

"काय बघायचं? जा, सहा चहा आण. माझा बिनसाखरेचा."

बिनसाखरेचाच दिला. साखर टाकायला हात लई शिवशिवत हुता तरी.

मी आठवी नापास हाय हे मशीनला ठाऊक न्हाई, म्हणून तिनं बाराच्या बारा वाचल्या. साहेबांना ठाऊक हुतं. तुमच्यापैकी कुणाला असं पहिल्याच ओळीवर मिटलंय का रं?